तीन नंबरची बाई

मखमलाबाद, नाशिक
१२ नोव्हेंबर

मंजूताई,

तू माझा नंबर बंद केलास म्हणून कागदावर लिहिते आहे. देवळ्याचा पत्ता तुझ्या कुसामावशींनी दिला. दारातच उभं राहून दिला, आत ये म्हणाल्या नाहीत. तुझं हेल्मेट आणि डबा माझ्याकडे राहिलाय. कुरियरने पाठवू की कोणाजवळ देऊ, एवढं कळव.

तुझ्या खुर्चीवर आता चैताली नावाची मुलगी बसते. ओझरहून येते. तिला शिकवायचं काम कुंदनसरांनी मला दिलं. दोन वर्षांपूर्वी तू मला जे सांगितलंस तेच मी तिला सांगितलं. हा व्हिडिओ वरून काढलेला आहे, त्या विमानात माणूस नसतो. यात उजेड दिसत नाही, ऊब दिसते. गरम ते पांढरं, गार ते काळं. माणूस दिसला की त्याच्याभोवती चौकट काढायची, नंबर द्यायचा. हातात काही असेल तर यादीतून निवडायचं, शस्त्र किंवा इतर. सकाळी आजचे व्हिडिओ, दुपारी जुने. जुने पुन्हा तपासायचे, त्यावरून मशीन शिकतं.

तिने विचारलं, "हे कुठलं गाव आहे?"

"सेक्टर चार."

"म्हणजे कुठे?"

"ते आपल्याला कळायची गरज नाही," मी म्हणाले.

तू असतीस तर असं उत्तर दिलं नसतंस. तू रोज घरी जाऊन परदेशी बातम्या शोधायचीस. मला वाटायचं, हिला दुसरा उद्योग नाही.

ताई, दुपारच्या जुन्या व्हिडिओंत ते घर अजून येतं. विहिरीशेजारचं, मातीच्या भिंतीचं. नऊ ऑक्टोबरला तिथे काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे, पण व्हिडिओंवर तारीख नसते. त्यामुळे त्या घरातली माणसं अजून उठतात, पाणी भरतात, गच्चीवर जातात. काल तीन नंबरची बाई आली. लांब दांड्याचं दाताळं घेऊन मका पसरत होती, नेहमीसारखी. मी चौकट काढली. चौकट काढताना गार पडलेली बोटं मी इतकी चोळली की कुंदनसरांनी एसी कमी करू का विचारलं.

तुझ्याविरुद्धच्या त्या कागदावर सह्या सगळ्यांनीच केल्या. मी एकटीने नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

दीपमाला


१७ नोव्हेंबर

मंजूताई,

तुझं उत्तर आलं नाही. डबा घासून ठेवला आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सह्या सगळ्यांनी केल्या. ते खरं आहे. पण सगळ्यांचा कागद एक होता आणि माझा वेगळा होता. माझ्या कागदावर एक वाक्य जास्त होतं. "गच्चीवरील व्यक्तीच्या हातातील वस्तूबाबत मंजुषा यांच्याशी माझे कधीही बोलणे झालेले नाही." कुंदनसरांनी तो समोर ठेवला, पेनचं टोपण काढून दिलं. मी सही केली.

बोलणं झालं होतं. तू शेजारून वाकून विचारलंस, "दीपा, हिच्या हातात हे लांब काय आहे गं?" आणि मी हसून म्हणाले, "दाताळं आहे ते, ताई. मका वाळवतेय. तुम्हा शहरातल्यांना काय कळणार." ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. ज्यांच्या सैन्यासाठी आपण हे काम करतो, त्या देशाच्या संसदेच्या समितीला तू हेच लिहून पाठवलंस, आणि मी तुला खोटं पाडलं. तुझी नोकरी गेली ती माझ्या सहीने गेली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे तोच विषय बोलतात. तिकडच्या संसदेत पुढच्या महिन्यात मतदान आहे, सैन्य परत आणायचं की ठेवायचं. कोणाची मतं काठावर आहेत तेसुद्धा आपल्या पोरांना तोंडपाठ झालंय. सैन्य परत आलं तर आपला सेक्शन बंद होईल, ही भीती सगळ्यांना आहे. पण कुंदनसर परवा वेगळंच बोलले. म्हणाले, "नोकरीचं सोडा. सैन्य आज निघालं तर उद्या तिथे दुसरे बंदूकवाले येतील. मागच्या वेळी दक्षिणेकडनं निघाले तेव्हा गावंच्या गावं रिकामी झाली. तुम्ही त्या घरातली मेलेली अकरा माणसं मोजता, त्या गावांतली कोण मोजणार?" तुला उत्तर आलं असतं का?

संध्याकाळी घरी दादांना विचारलं. दादा गावठी गुलाबाच्या फुलांच्या जुड्या करत बसले होते. म्हणाले, "राहायचं की जायचं, त्या घरातल्यांना कोणी विचारलं का?" मी म्हटलं, ते तर गेले. "मग उरल्यासुरल्यांना विचारा," म्हणाले, आणि दोरा तोडला.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. नऊ तारखेला तू लवकर घरी गेलीस, तेव्हा त्या घरावरच्या हल्ल्यानंतरचा व्हिडिओ माझ्याकडे आला. काम असं होतं की जे हलतंय आणि जे हलत नाही ते वेगवेगळं नोंदवायचं. सगळी माणसं अजून पांढरी होती. मी बघत राहिले. तासाभराने ती करडी झाली. आणखी थोड्या वेळाने मातीच्या रंगाची झाली आणि मला चौकटी कशाभोवती काढल्या होत्या तेच दिसेना. रिकाम्या चौकटी होत्या. अकरा.

दीपमाला


२४ नोव्हेंबर

मंजूताई,

आज सकाळी ती आली.

दुपारी नाही, सकाळी. आजच्या व्हिडिओत. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी जुना व्हिडिओ चुकून इकडे टाकला. पण विहिरीकडची भिंत पडलेली होती, अर्धी गच्ची खाली आली होती आणि अंगणात तो मोठा काळा खड्डा होता. खड्ड्याच्या कडेने ती चालत आली. हातात दाताळं. उरलेल्या गच्चीवर चढली, थोडंसं काहीतरी पसरलं, आणि ओढायला लागली. तीच उंची, तेच एका बाजूला झुकून ओढणं.

मी अजून माउसला हात लावला नव्हता. मशीननेच तिच्याभोवती चौकट काढली. नंबर टाकला, तीन. आणि खाली शब्द टाकला, शस्त्र.

आपण शिकवलं तेच ते शिकलंय.

शेजारी चैताली होती. ती म्हणाली, "बरं झालं ना, आपोआप भरलं गेलं." मी उठून बाथरूममध्ये गेले आणि तोंडावर पाणी मारलं. परत आले तेव्हा ती बाई ओढायची थांबली होती. मान वर करून उभी होती. वरून चेहरा दिसत नाही, एक पांढरा ठिपका दिसतो, आणि मान वर केली की तो ठिपका मोठा होतो. इतक्या उंचावरची वस्तू खालून दिसत नाही म्हणतात. पण ती बघत होती, ताई. मी खुर्ची मागे घेतली.

माझ्या चौकटीत ती गार पडताना मी पाहिली आहे. मग ही कोण?

मी तो शब्द काढला आणि "इतर" टाकलं. अकरा वाजता व्हिडिओ परत माझ्याकडे आला, "पुन्हा तपासा" म्हणून. मी पुन्हा "इतर" टाकलं. कुंदनसर आले, खांद्यामागे उभे राहिले. "मशीनला खात्री आहे, तुला का नाही?" मी म्हटलं, "सर, ते दाताळं आहे." बोलून गेल्यावर कळलं की मी काय बोलले. सरांनी वाकून पडदा पाहिला. मग म्हणाले, "हे शब्द तू कागदावर नाकारले आहेस. जपून."

व्हिडिओ त्यांनी स्वतःकडे घेतला. पुढे काय टाकलं ते मला माहीत नाही.

दीपमाला


२८ नोव्हेंबर

मंजूताई,

गेले चार दिवस ती रोज सकाळी येते. मी रोज शब्द बदलते, आणि रोज तो व्हिडिओ माझ्याकडून काढून घेतात. ती दुसऱ्या दिवशी दिसली की मी मोकळा श्वास घेते. पण हे किती दिवस चालेल? नऊ तारखेच्या आधीही ती आठवडाभर अशीच रोज येत होती.

घरी मी गच्चीवर जाणं सोडलंय. ओझरकडून विमान निघालं की आत येते. आई विचारते, तुला झालंय काय. काय सांगू?

काल सुट्टी होती. शेजारच्या द्राक्षबागेत औषध फवारायला ड्रोन आणला होता, तो मोठा, सहा पंख्यांचा. आमच्या खळ्यात आई मका पसरत होती. ड्रोन बागेवरून वळायला आमच्या हद्दीत आला आणि आईच्या डोक्यावर, नारळाच्या झाडाएवढ्या उंचीवर, थांबला. चालवणारा पोरगा बहुतेक फोनवर बोलत होता. आईने दाताळं टेकवलं, कपाळावर हात धरला आणि वर बघून हसली.

मी स्वयंपाकघरातून पळत गेले. दाताळं तिच्या हातातून ओढलं आणि लांब भिरकावलं. तिला धरून गोठ्याकडे ओढत नेलं. तिची चप्पल राहिली खळ्यात.

"अगं, काय करती? फवारणीचं हाय ते," आई म्हणाली. "लय आवाज करतं, पण काय करत नाय."

मी तिला सोडेना. दादा आले. त्यांनी माझी बोटं एक एक करून तिच्या दंडावरून सोडवली. मग मी त्या दोघांना सगळं सांगितलं. कंपनीला लिहून दिलंय की घरीही बोलणार नाही, तरी सांगितलं. आई ऐकून म्हणाली, "त्या बाईचं नाव काय?" मी म्हटलं, तीन नंबर. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

दादांनी एकच विचारलं. "बंदूक हाय असं कोणी लिहिलं?"

त्यांना जे सांगितलं ते आता तुला सांगते. तुला वाटतं की आपण "इतर" टाकलं आणि कुंदनसरांनी नंतर ते बदललं. समितीलाही तू तसंच लिहिलंस. मी तुला तसं वाटू दिलं. ताई, कुंदनसरांनी बदललं नाही. तू "इतर" टाकून पुढचा व्हिडिओ घेतलास. तुझा तो व्हिडिओ तपासणीसाठी माझ्याकडे आला. "इतर" ठेवलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं, व्हिडिओ परत फिरला असता. त्या आठवड्यात माझे चार व्हिडिओ परत आले होते आणि सेक्शनप्रमुख म्हणून माझं नाव पुढे होतं. मी "शस्त्र" टाकलं. ते दाताळं आहे हे मला माहीत होतं. साडेदहा वाजले होते. गच्चीवर ती एकटी होती. दुपारी अडीचला तिथे खड्डा होता.

हे मी तुझ्या तोंडावर सांगू शकले नसते.

समितीपुढे बोलायला काय करावं लागतं? माझ्यासाठी नको सांगू. ती बाई उद्याही गच्चीवर जाईल.

दीपा


९ डिसेंबर

मंजूताई,

तुझं कार्ड मिळालं. एक ईमेलचा पत्ता, दुभाषी बाईंचं नाव, आणि खाली "लवकर कर". पत्राच्या वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. तरी मी ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलंय.

मी त्याच दिवशी लिहिलं. त्यांनी परवा संध्याकाळी व्हिडिओवर बोलावलं. दादांच्या खोलीत बसले, मागे खतांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, ते काढून ठेवलं. पडद्यावर सात माणसं. दुभाषी बाई मराठी छान बोलतात, सोलापूरकडच्या असाव्यात.

सैन्य राहावं म्हणणाऱ्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ होते. आवाज न चढवता बोलत होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही आमच्या देशात आला नाहीत, त्या देशातही गेला नाहीत. इतक्या उंचीवरून ते शेतीचं अवजार होतं हे तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "तिने ते पुढे टाकलं, अंगाकडे ओढलं, उचललं आणि परत पुढे टाकलं. बंदुकीने असं कोणी करत नाही. मी सात वर्षांची असल्यापासून हेच करते."

"कळलं होतं, तर मग शस्त्र का नोंदवलंत?"

"व्हिडिओ लवकर पुढे जावा म्हणून."

दुभाषी बाईंनी लगेच सांगितलं नाही. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

शेवटी मी म्हटलं, ती बाई अजून तिथे येते, मशीन अजून तिच्यावर तोच शब्द टाकतं, उद्या सकाळपर्यंत काहीतरी करा. त्यांनी लिहून घेतलं.

काल ऑफिसमध्ये माझं कार्ड दाराला लागलं नाही. वॉचमनने माझी पाण्याची बाटली आणि स्वेटर बाहेर आणून दिला. चैताली जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "ती आज आली होती, दीपाताई. मी इतर टाकलं." आणि पळत आत गेली.

दीपा


२३ डिसेंबर

मंजूताई,

मतदानाचं तू वाचलं असशीलच. नऊ मतांनी. वसंत ऋतूपर्यंत सैन्य परत येणार. सेक्टर चारवरची उड्डाणं त्याआधीच थांबवली, असं समितीच्या पत्रात आहे. आपला सेक्शन बंद झाला. कुंदनसर बाजारात दिसले, त्यांनी ओळख दाखवली नाही. मतदानाच्या बातमीच्याच पानावर खाली दुसरी बातमी होती की दक्षिणेकडच्या दोन गावांतली माणसं सैन्य निघायच्या आधीच सामान बांधून निघाली आहेत. ते मी दोनदा वाचलं. कुंदनसर काही अगदीच खोटं बोलत नव्हते. आपण बरोबर केलं का, हे मला त्या दोन गावांपुरतं सांगता येत नाही.

ती बाई कोण ते समितीकडून कळलं. मेलेल्या बाईची मोठी बहीण. तीन कोस लांबच्या गावी दिलेली. घरातली माती उपसायला आली, तिला मका सापडला, तो सडू नये म्हणून रोज येऊन वाळवत होती. दोघी बहिणी एकाच उंचीच्या, एकाच आईकडून काम शिकलेल्या, म्हणून ओढण्याची ढब एक. मशीनला ती एकच बाई वाटली. मलाही वाटली.

तिने समितीच्या माणसांना विचारलं की वरून बघणारी ती मुलगी मिळेल का. तिचा निरोप दुभाषी बाईंनी मला पाठवला. दोन ओळी आहेत. "तू रोज बघत होतीस असं सांगतात. मग त्या दिवशी सकाळी माझी बहीण काय करत होती ते मला सांग. शेवटचं तिला तूच पाहिलंस."

मला वाटलं होतं ती शिव्या देईल.

आठ दिवस झाले, मी उत्तर लिहिते आणि फाडते. कारण खरं लिहायचं तर तुला, दादांना आणि समितीला जे सांगितलं नाही तेही लिहावं लागतं. गच्चीवर ती एकटी होती, असं मी तुला खोटं लिहिलं होतं. समितीने विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. हे उत्तर समितीच्या हातून जाणार आहे. म्हणजे ते वाचतील आणि मला पुन्हा बोलावतील. बोलावू देत.

खाली लिहिलं आहे. पाठवण्याआधी तू वाच. सुरुवातीचा भाग तूही पाहिला आहेस, काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

"नऊ तारखेला उजाडल्यावर थोड्या वेळाने तुमची बहीण गच्चीवर आली. डोक्यावरचं कापड मागे नेऊन खोचलं. मका पसरताना दोनदा थांबली आणि कमरेवर हात ठेवला. खाली अंगणात कोणीतरी विहिरीवर होतं, त्यांच्याशी ती कठड्यावरून वाकून बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही, आवाज येत नाही. मग जिन्याने कोणीतरी लहान वर आलं. मुलगा की मुलगी ते वरून कळलं नाही. तिने त्याला खाली पाठवलं. ते पुन्हा वर आलं. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिने दाताळ्याचा दांडा त्याच्या हातात दिला, मागे उभी राहिली, आणि त्याचे हात धरून मका कसा ओढायचा ते दाखवलं. बराच वेळ दाखवत होती. ती दोघं इतकी जवळ होती की मी त्यांच्याभोवती मिळून एकच चौकट काढली."

शेवटचं वाक्य राहू द्यायचं का, तेवढं कळव. आई म्हणते, राहू दे.

दीपा